पोटातला जंतू आणि अर्धवट औषध

जठरव्रण, ज्याला आपण सर्रास पोटातला अल्सर म्हणतो, हे दुखणे काही नवीन नव्हे. पोटात आग पडते, रात्री कळ येऊन जाग येते. फार काळजी केली, तिखट खाल्ले, म्हणून हे झाले, असे घरची माणसे म्हणत. आणि विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरही तेच म्हणत. आम्ल कमी करणारे औषध घेतले की बरे वाटे, थांबवले की दुखणे पुन्हा दारात हजर! कितीकांवर शस्त्रक्रियेची पाळी येई.

जठरात तीव्र आम्ल असते; त्यात जंतू तग धरणार नाहीत, अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. पण १९७९ साली ऑस्ट्रेलियातील रॉयल पर्थ हॉस्पिटलात रॉबिन वॉरन यांना, रोग्यांच्या जठराचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना, वाकड्या आकाराचे जंतू दिसले. जिथे जंतू, तिथे सूज. १९८१ साली बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. हा जंतू प्रयोगशाळेत काही केल्या वाढेना. १९८२ साली ईस्टरची लांब सुटी आली, आणि एरवी दोन दिवसांत टाकून दिल्या जाणाऱ्या बशा पाच-सहा दिवस तशाच राहिल्या. पाहतात तो जंतू वाढलेले! तो मुळात सावकाश वाढणारा, एवढेच. त्याला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. तो स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्लाची धार बोथट करतो, म्हणून जठरात जगतो.

आता तुम्ही म्हणाल, जंतू सापडला खरा, पण दुखणे त्यानेच होते कशावरून? डॉक्टरमंडळींनीही हेच विचारले. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी आपले जठर निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि जंतूंचे पाणी स्वतःच पिऊन टाकले! थोड्याच दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या. तपासणीत जठराला सूज आणि तिथे तोच जंतू. त्यांना व्रण झाला नाही. पण हा जंतू निरोगी जठर बिघडवतो, हे दिसले. पुढे जंतू मारल्यावर व्रण सहसा परतत नाही, असेही रोग्यांत आढळले. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा रीतीने जन्मभराचे दुखणे दोन आठवड्यांच्या औषधावर आले. आम्ल कमी करणारी गोळी आणि जोडीला दोन प्रतिजैविके, असा नेहमीचा उपचार. पण आता हीच औषधे जागोजागी निकामी होऊ लागली आहेत. असे का व्हावे?

शेतकऱ्याला हे सांगायला नको. तेच ते औषध फवारत राहिले की अळी दाद देईनाशी होते. कोट्यवधी जंतूंत एखादा जन्मतःच चिवट निघतो. औषधाने बाकीचे मरतात, हा उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. औषध मध्येच सोडले, तर अशा चिवटांना रान मोकळे. आणि इथेच माणूस फसतो. आम्ल कमी झाल्यामुळे दोन-तीन दिवसांतच बरे वाटते; जंतू मात्र अजून मेलेला नसतो.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. खोकल्यासाठी घेतलेली क्लॅरिथ्रोमायसिनची किंवा आव पडली म्हणून घेतलेली मेट्रोनिडाझोलची गोळी जठरातल्या जंतूलाही भेटते. तो तेव्हाच सरावतो आणि पुढे व्रणावर तेच औषध चालत नाही. मेट्रोनिडाझोलला न जुमानणारे जंतू भारतात मोठ्या प्रमाणात आढळतात. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने नव्या औषधांची निकड असलेल्या जंतूंची यादी केली. तीत क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा हा जंतूही होता.

तेव्हा प्रतिजैविक दुकानातून मनाने आणू नये. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्यावे. त्रास झाला तर त्यांनाच विचारावे. उपचार संपल्यावर निदान चार आठवड्यांनी जंतू गेल्याची तपासणी करून घ्यावी. पोटदुखी दरवेळी या जंतूमुळेच असते असे नाही. वेदनाशामक गोळ्यांनीही व्रण होतो. मात्र शौचास डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक दवाखाना गाठावा.

शिक्षकांनी जंतूंचा पाठ शिकवताना हे मुलांना अवश्य सांगावे. उरलेल्या गोळ्या फडताळात कुणी ठेवल्या आहेत, हे घरात पुष्कळदा मुलांनाच आधी ठाऊक असते.