उत्तरपत्रिकेत न दिसणारे गणित

‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी येते. २०२२ मध्ये हेच प्रमाण २५.९ टक्के होते, त्यामुळे या वाढीचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु उरलेल्या मुलांना वजाबाकी येत नाही म्हणजे नेमके काय येत नाही, याचे उत्तर कोणत्याही टक्केवारीतून मिळत नाही. ते मिळवण्याचे साधन, म्हणजे आवाज आणि चित्र टिपणारा मोबाइल, बहुतेक शिक्षकांच्या खिशात आहे. त्याचा या कामासाठी मात्र क्वचितच विचार होतो.

५२ वजा २७ हे उदाहरण घेतले, तर अनेक मुले ३५ असे उत्तर लिहितात. त्यांपैकी एखादे मूल प्रत्येक रकान्यात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, म्हणजे सातातून दोन आणि पाचातून दोन. दुसरे मूल हातचा घेऊन बारातून सात बरोबर वजा करते, परंतु दशकाच्या घरातील पाचाचे चार करायला विसरते. दोघांचेही उत्तर ३५ येते आणि वहीवर दोघांनाही सारखीच फुली मिळते. प्रत्यक्षात पहिल्याला दशक सुटा करणे म्हणजे काय हेच उमगलेले नसते, तर दुसऱ्याला ते उमगलेले असून केवळ एक पायरी निसटलेली असते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये अशा ‘पद्धतशीर चुकां’चा, म्हणजे निष्काळजीपणातून नव्हे तर चुकीच्या पण ठाम नियमातून येणाऱ्या चुकांचा, संगणकाच्या साहाय्याने अभ्यास केला. वर दिलेल्या उदाहरणात मात्र केवळ उत्तरावरून कारण ओळखणे संगणकालाही शक्य नाही, कारण तेथे एकच उत्तर दोन वेगळ्या वाटांनी आलेले आहे. मुलाला उदाहरण सोडवताना मोठ्याने बोलायला लावले आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित केले, तर हा भेद दोन मिनिटांत कळतो.

बरोबर उत्तरेही फसवी असू शकतात. स्टॅन्ली अर्लवॅंगर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुलाखतींतील बेनी हा बारा वर्षांचा अमेरिकी मुलगा स्वयंगतीने शिकण्याच्या कार्यक्रमात चांगली प्रगती करणारा मानला जात होता. प्रत्यक्षात मात्र अपूर्णांक दशांश रूपात लिहिताना अंश आणि छेद यांची बेरीज करून मध्ये कुठेतरी दशांशचिन्ह दिले की झाले, अशी त्याची समजूत होती. दोन दशांश म्हणजे १.२ असे तो शांतपणे सांगत असे. मुलाला ॲपसमोर बसवून त्याच्या गुणांवर समाधान मानणाऱ्या आजच्या व्यवस्थेने बेनीची ही मुलाखत गांभीर्याने घ्यायला हवी.

वर्गात मुलांचा विचार टिपण्याच्या क्षेत्रातील सर्वांत मोलाचा दस्तऐवज मिशिगन राज्यातील ईस्ट लान्सिंग येथे तयार झाला. तेथील एका प्राथमिक शाळेत डेबोरा बॉल तिसरीला आणि मॅग्डलीन लॅम्पर्ट पाचवीला गणित शिकवत असत, आणि १९८९-९० या वर्षात या दोन्ही वर्गांतील तासांचे पद्धतशीर चित्रीकरण झाले. सोबत मुलांच्या वह्या आणि शिक्षिकांची टिपणेही जपली गेली. १९ जानेवारी १९९० रोजी, शोधनिबंधांत शॉन या बदललेल्या नावाने येणाऱ्या मुलाने, सहा ही संख्या सम आहे तशीच विषमही असू शकते, असे वर्गात मांडले. सहा म्हणजे दोनाचे तीन गट आणि तीन ही विषम संख्या, असा त्याचा युक्तिवाद होता. एका मुलीने संख्यारेषेवर सम आणि विषम आळीपाळीने मोजून त्याला खोडण्याचा प्रयत्न केला. मेई या दुसऱ्या मुलीने फळ्यावर दहा वर्तुळे काढली, दोन-दोनचे पाच गट पाडले आणि शॉनचा नियम मानला तर दहालाही विषम म्हणावे लागेल, असेच पुढे जात राहिले तर सगळ्याच संख्या सम आणि विषम ठरतील आणि चर्चेला अर्थच उरणार नाही, असे बजावले. शॉनने माघार घेतली नाही. उलट दहाचा मुद्दा लक्षात आणून दिल्याबद्दल तिचे आभार मानले. पुढे बॉल यांच्या वर्गात दोन, सहा, दहा, चौदा अशा, म्हणजे दोनाच्या विषम गटांनी बनणाऱ्या संख्यांना ‘शॉन संख्या’ हे नाव मिळाले.

चालू तासात शिक्षकाला असे विधान ऐकून उत्तर देण्यासाठी काही क्षण मिळतात आणि त्या क्षणांत ‘चूक, बस खाली’ हेच सर्वांत सोपे असते. चित्रीकरण पुन्हा पाहिले की मात्र दिसते की शॉन ‘विषम’ हा गुणधर्म संख्येऐवजी गटांच्या संख्येला लावत होता. मेई गणितज्ञाप्रमाणे, एखादे विधान मान्य केल्यास कोणती विसंगती उद्भवते हे दाखवून ते खोडत होती. आणि मुळात सम म्हणजे काय याची सर्वांना मान्य व्याख्या वर्गात पक्की झालेलीच नव्हती. शिक्षिकेने चुकीची कल्पना इतका वेळ तरंगत ठेवायला नको होती, हा आक्षेप वजनदार आहे. तरीही शॉनला तेथेच थांबवले असते, तर व्याख्येतील ही उणीव शिक्षिकेला किंवा मुलांना कळली नसती, आणि ती कळणे हे त्या दिवशीच्या पाठापेक्षा अधिक मोलाचे होते. शिवाय काही मिनिटांच्या या संवादावर शिक्षणतज्ज्ञ आणि गणितज्ञ आजही वाद घालू शकतात, ते केवळ चित्रफीत उपलब्ध आहे म्हणून.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मिरियम शेरिन यांनी याच विचारातून शिक्षकांची ‘व्हिडिओ मंडळे’ चालवली. त्यांत शिक्षक एकमेकांच्या वर्गांतील छोटी चित्रणे पाहतात आणि शिक्षकाने काय केले यापेक्षा मुलाने काय विचार केला यावर बोलतात. सुरुवातीला चर्चा शिकवण्याच्या गुणदोषांकडे झुकते आणि हळूहळू मुलांच्या शब्दांकडे वळते, असे त्यांच्या अभ्यासांत दिसले. टॅबलेटवरील पडदा-मुद्रणामुळे, म्हणजे लिहिण्याची प्रत्येक रेघ आणि त्याच वेळचे बोलणे एकत्र टिपणाऱ्या सोयीमुळे, आता मुलाने आधी एकक लिहिला की दशक, कुठे थांबून खोडले, हेही पाहता येते.

या साधनाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे ते पर्यवेक्षणाच्या हाती जाणे. वर्गातील कॅमेरा शिक्षकावर नजर ठेवण्यासाठी आहे अशी भावना एकदा रुजली की शिक्षक केवळ हुशार मुलांना बोलते करतील, आणि चुकणारे मूल, ज्याचे ऐकणे सर्वांत आवश्यक आहे, तेच मुद्रणातून गळेल. म्हणून मुद्रण शिक्षकाच्याच ताब्यात असावे, ते समाजमाध्यमांवर जाऊ नये आणि पालकांची संमती घेतलेली असावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या विदेसाठी पालकांच्या संमतीची अट घातलेलीच आहे.

महाराष्ट्रात केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या समूहाच्या स्तरावर, शिक्षण परिषदा भरतात आणि त्यांत परिपत्रके, माहितीचे तक्ते व सूचना यांवर पुष्कळ वेळ खर्च होतो. केंद्रप्रमुखांनी त्यातील अर्धा तास राखून ठेवावा, एका मुलाने एक वजाबाकी सोडवताना केलेले तीन मिनिटांचे बोलणे सर्वांना ऐकवावे आणि कोणताही शेरा न मारता, हे मूल काय समजते आहे, एवढाच प्रश्न उपस्थित शिक्षकांसमोर ठेवावा. यासाठी नवा निधी लागत नाही आणि नवा शासन निर्णयही लागत नाही.