गल्ल्यावरची नोट आणि संगणकातील जलचिन्ह

डोंबिवलीच्या फडके रोडवरील दुकानात संध्याकाळच्या गर्दीत पाचशे रुपयांची नोट पुढे आली, की गल्ल्यावर बसलेली व्यक्ती ती क्षणभर उजेडाकडे धरते. कागदाच्या पोटातील महात्मा गांधींची छबी दिसली, की नोट गल्ल्यात जाते. ही कृती इतकी अंगवळणी पडली आहे, की ग्राहकालाही तिचा राग येत नाही. मात्र त्याच गल्ल्याशेजारच्या संगणकात ज्या सॉफ्टवेअरवर बिले निघतात, रोजमेळ आणि खतावणी लिहिली जाते, जीएसटीचे विवरणपत्र तयार होते, ते सॉफ्टवेअर अधिकृत आहे की चोरीचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘संगणक दुरुस्त करणाऱ्याने टाकून दिले’ एवढे उत्तर पुरेसे मानले जाते.

वास्तविक सॉफ्टवेअरलाही नोटेसारखे उजेडात धरता येते. त्याच्या पोटातही खूण लपवलेली असू शकते. तिला डिजिटल वॉटरमार्क किंवा अंकीय जलचिन्ह म्हणतात. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही, परंतु जाणकाराने योग्य किल्ली वापरून शोधली, तर ही प्रत मुळात कोणाची आणि कोणाला विकलेली, हे ती सांगू शकते. व्यापारी कुटुंबांनी हे तंत्र समजून घेण्याचे कारण केवळ कुतूहलाचे नाही. ही खूण एखाद्या दिवशी प्रामाणिक दुकानदाराचेही नाव घेऊ शकते.

कागदापासून संगणकापर्यंत

कागदात जलचिन्ह उमटवण्याची कला इटलीतील फाब्रियानो येथे तेराव्या शतकात रुजली. ओल्या लगद्याचा थर कोठे जाड, कोठे पातळ ठेवला, की वाळलेल्या कागदातून प्रकाश कमी-अधिक झिरपतो आणि आकृती दिसते. भारतात १९९६ पासून चलनात आलेल्या महात्मा गांधी मालिकेतील नोटांत गांधीजींच्या छबीचे जलचिन्ह आहे. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की ही खूण कागदावर छापलेली नसते. कागद घडतानाच ती त्यात घडलेली असते. म्हणून ती खरवडून काढता येत नाही.

सॉफ्टवेअरमधील जलचिन्हाचे तत्त्व हेच आहे. पडद्यावर दिसणारे कंपनीचे नाव किंवा चिन्ह सहज पुसता येते. खरी खूण प्रोग्रॅमच्या विणीतच घातलेली असते. ती कशी घालतात, हे दुकानातील बिलावरून समजते. एखाद्या ग्राहकाने दहा वस्तू घेतल्या, तर बिलात त्या कोणत्याही क्रमाने लिहिल्या तरी बेरीज तीच येते. परंतु या दहा वस्तू ३६,२८,८०० वेगवेगळ्या क्रमांनी लिहिता येतात. प्रत्येक क्रमाला एक आकडा ठरवून दिला, तर बिलातील नुसत्या मांडणीतून एक गुप्त संख्या सांगता येईल आणि ग्राहकाला बेरजेत पैशाचाही फरक दिसणार नाही.

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची मालिका. तिचे अनेक भाग मागेपुढे ठेवले, तरी काम तेच होते. मायक्रोसॉफ्टमधील रॉबर्ट डेव्हिडसन आणि नेथन मिहरव्होल्ड यांनी अशा भागांच्या क्रमात खूण लपवण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९९६ मध्ये मिळवले. पुढे १९९९ मध्ये ख्रिश्चन कॉलबर्ग आणि क्लार्क थॉम्बरसन या संशोधकांनी आणखी एक युक्ती मांडली. त्यांच्या पद्धतीत खूण स्थिर बसलेली नसते. ठरलेली गुप्त माहिती ठरलेल्या क्रमाने प्रोग्रॅमला दिली, तरच चालू प्रोग्रॅमच्या स्मृतीत ती आकाराला येते. अन्य वेळी प्रोग्रॅम नेहमीसारखा चालतो. तिजोरीचा आकडा ठाऊक असलेल्यालाच ती उघडावी, तसा हा प्रकार आहे.

हॉलमार्क आणि एचयूआयडी

या खुणा दोन प्रकारच्या असतात आणि सराफी पेढीवर बसणाऱ्यांना हा भेद चटकन उमगेल. दागिन्यावरील हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. त्या शुद्धतेच्या सर्व दागिन्यांवर तो सारखाच असतो. एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा संकेत मात्र प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेले सोन्याचे दागिने या संकेताशिवाय विकता येत नाहीत.

सॉफ्टवेअरच्या सर्व प्रतींत एकच खूण असेल, तर ती निर्मात्याची मालकी सिद्ध करते. या अर्थाने ते जलचिन्ह होय. प्रत्येक ग्राहकाच्या प्रतीत वेगळी खूण असेल, तर तिला बोटांचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट म्हणतात. बाजारात चोरीची प्रत सापडली, की निर्माता आपल्या किल्लीने तिच्यातील क्रमांक वाचतो, विक्रीच्या नोंदी उघडतो आणि तो क्रमांक कोणाला दिला होता ते पाहतो.

खुणेवरून माग काढल्याचे एक उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. ते सॉफ्टवेअरचे नव्हे, दूरचित्रवाणी मालिकेचे आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या गाजलेल्या अमेरिकी मालिकेच्या सातव्या पर्वातील चौथा भाग प्रसारणापूर्वीच इंटरनेटवर फुटला. फुटलेल्या प्रतीवर स्टार इंडियाचे जलचिन्ह होते. जगभर पसरलेल्या प्रतीचा उगम भारतात शोधायचा, हे त्या खुणेमुळेच उघड झाले. त्याच महिन्यात महाराष्ट्रात पोलिसांनी चौघांना अटक केली. प्रसारणापूर्वी हे भाग हाताळणाऱ्या एका तंत्रसेवा कंपनीशी त्यांचा आजी वा माजी कर्मचारी म्हणून संबंध होता. प्रत कोणत्या दाराने बाहेर पडली, हे खुणेने दाखवले. त्या दारातून ती कोणी नेली, हे मात्र पोलिसांना तपास करूनच शोधावे लागले.

खूण काय सांगते, काय सांगत नाही

हा फरक व्यापाऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. समजा, मानपाडा रोडवरील एका होजिअरीच्या दुकानदाराने रीतसर पैसे भरून, पक्के बिल घेऊन हिशेबाचे सॉफ्टवेअर विकत घेतले. वर्षभराने संगणक बिघडला. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने तो दोन दिवस आपल्याकडे नेला, त्यातील प्रोग्रॅमची नक्कल काढली, त्याचे कुलूप तोडले आणि पुढे दहा दुकानांत ती नक्कल बसवून दिली. त्या दहाही संगणकांतील प्रतीच्या पोटात क्रमांक कोणाचा निघेल? ज्याने एकही पैसा बुडवला नाही, त्या पहिल्या दुकानदाराचा.

म्हणजे खूण प्रतीचा उगम दाखवते, चोराचे नाव सांगत नाही. शिवाय जलचिन्ह हे कुलूप नव्हे. नक्कल होण्यापासून ते रोखत नाही. नक्कल झाल्यानंतर पुरावा देते. ते अमरही नाही. कोणी प्रोग्रॅमची मांडणी पुन्हा उलटसुलट करून खूण विस्कटू पाहतो. कोणी दोन ग्राहकांच्या प्रती शेजारी ठेवून कोठे फरक आहे ते शोधतो, कारण जेथे फरक, तेथे खूण असण्याचा संभव. म्हणून निर्माते एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक ठिकाणी खुणा पेरतात आणि काही खुणा प्रोग्रॅमच्या कामातच अशा गुंतवतात, की त्या उपटल्या तर प्रोग्रॅमच बंद पडावा. तरीही कोणतीही खूण कधीच पुसली जाणार नाही, अशी हमी या शास्त्रात दिली जात नाही.

कायदा काय म्हणतो

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतींत झाला. या कायद्याच्या कलम ६३ब नुसार प्रोग्रॅमची अनधिकृत प्रत जाणीवपूर्वक वापरणे हाच गुन्हा आहे. त्यासाठी किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि किमान ५० हजार ते कमाल २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वापर लाभासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कारावास न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकते. दुकानातील वापर हा व्यवसायासाठीचाच असल्याने ही सवलत दुकानदाराच्या कामाची नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ब नुसार कृतीची आणि तिच्या मालकाची ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकणे हाही २ वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. मात्र या माहितीच्या व्याख्येतून वापरकर्त्याला ओळखण्यासाठी योजलेली साधने वगळलेली आहेत. अधिकृत ग्राहकालाही कायद्याने एक हक्क दिला आहे. प्रोग्रॅम नष्ट वा खराब होण्याच्या भीतीपोटी त्याची राखीव प्रत काढून ठेवणे हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही.

हिशेबाच्या बाजूनेही प्रश्न आहेच. ज्यांचा व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला आहे, त्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे हिशेब सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. ज्याचे कुलूप कोणा अनोळखी माणसाने तोडले, त्या प्रोग्रॅममधील नोंदींवर लेखापरीक्षकाने भरवसा कसा ठेवावा? अशा प्रती बसवताना विषाणूरोधक यंत्रणा बंद करायला सांगितले जाते. मग घुसखोर प्रोग्रॅम आत शिरला आणि ऐन विवरणपत्राच्या मुदतीत सर्व खाती कुलूपबंद झाली, तर परवान्याचे वाचवलेले पैसे कितीतरी पटींनी जातात.

पेढीवरचे व्रत

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या वजनमापांबरोबरच चोरीचा माल घेणे आणि खऱ्यात खोटे मिसळून व्यवहार करणे यांचाही समावेश आहे. पेढीवर बसणाऱ्याला ही यादी परकी वाटत नाही. चोरून आणलेला कापडाचा तागा निम्म्या किमतीत मिळत असला, तरी नेकीचा व्यापारी तो परत पाठवतो. प्रोग्रॅम हातात धरता येत नाही, त्याचे वजन होत नाही, म्हणून तो मालच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. तो कोणाच्या तरी श्रमातून तयार झालेला असतो. याच डोंबिवलीतील दुकानदारांची मुले-मुली आज सकाळची लोकल पकडून ऐरोली-महापेच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत जातात. वडिलांच्या गल्ल्याशेजारी चोरीचा प्रोग्रॅम चालतो, तेव्हा तशाच एखाद्या घरातील मुलीच्या कामाचे मोल बुडालेले असते.

काळजी घेणे अवघड नाही. सॉफ्टवेअर निर्मात्याकडून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्यावे. परवान्याचा क्रमांक फर्मच्या नावावर नोंदवावा. संगणक दुरुस्तीला देताना शक्यतो हिशेबाची डिस्क काढून ठेवावी. ते जमत नसेल तर कोणाला, कोणत्या तारखेला दिला आणि केव्हा परत आला, याची सहीनिशी नोंद ठेवावी. संगणक विकताना किंवा भंगारात देताना त्यावरील परवाना आधी रद्द करून घ्यावा आणि डिस्क पुसून घ्यावी. उद्या आपला क्रमांक भलत्याच ठिकाणी निघाला, तर हीच नोंदवही व्यापाऱ्याची साक्षीदार ठरेल.

दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी अनेक पेढ्यांवर आता वहीशेजारी संगणकालाही कुंकू लावतात. यंदा त्या पाटावर सॉफ्टवेअरच्या परवान्याचे बिलही ठेवावे. ते सापडले नाही, तर पुढच्या वर्षाचे पहिले खाते लिहिण्यापूर्वी ते विकत घ्यावे.