‘कळवतो’ म्हणाले, पण फोन आलाच नाही! सततच्या नकारातून सावरायचं कसं?

मुलाखत संपते. समोरचे साहेब फाईल मिटतात आणि म्हणतात, "ठीक आहे, कळवतो तुम्हाला." बाहेर येऊन घरी फोन केला जातो, "बरी झाली." मग आठवडा जातो, पंधरवडा जातो. फोन काही येत नाही. गल्लीच्या तोंडाला मात्र कोणीतरी भेटतंच आणि विचारतं, "काय रे, लागलास काय कुठं?"

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कित्येक घरांत हे रोजचं झालंय. कोणी डिप्लोमा करून दोन वर्षं घरात आहे, कोणाचा कारखाना बंद पडलाय, कोणी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधते आहे. पहिल्या-दुसऱ्या नकाराचं कोणी मनावर घेत नाही. आठव्या-दहाव्या वेळी मात्र माणूस मनाशी ठरवून टाकतो, की खोट आपल्यातच आहे. तो तसं ठरवतो, म्हणून पुढच्या मुलाखतीला अर्धा हरूनच जातो. हा निष्कर्ष बऱ्याचदा चुकीचा का असतो आणि त्याऐवजी काय तपासायचं, ते इथे पाहू.

दहा नकारांचा साधा हिशेब

समजा, तुमची निवड होण्याची शक्यता दर मुलाखतीत दहात एक आहे. एका जागेसाठी दहा जणांना बोलावलं आणि सगळे साधारण सारखेच असले, तर ती तेवढीच असणार. अशा शंभर जणांनी प्रत्येकी दहा मुलाखती दिल्या, तर त्यातल्या सुमारे ३५ जणांना दहाही ठिकाणी नकार येईल. वीस मुलाखतींनंतरही सुमारे १२ जण हात हलवतच परत आलेले असतील. त्यांच्यात आणि निवड झालेल्यांमध्ये काहीच फरक नसेल, तरीही!

आता हीच शक्यता थोडी सुधारून पाचात एक झाली, तर दहाही नकार येणारे ३५ वरून सुमारे ११ वर येतात. म्हणजे नकारांची नुसती संख्या तुमच्या लायकीबद्दल फारसं सांगत नाही, पण एखादी छोटी दुरुस्ती बराच फरक पाडते. म्हणून नकार मोजत बसण्यापेक्षा आपली गाडी नेमकी कुठे अडते, ते बघायला हवं.

गाडी अडते कुठे?

एक वही घ्या. प्रत्येक अर्जाला एक ओळ. तारीख, पद, जागेची माहिती कुठून कळली, कितव्या फेरीपर्यंत गेलो, कोणत्या प्रश्नाला अडखळलो, येण्या-जाण्याचा खर्च किती झाला. दहा-बारा ओळी झाल्या की चित्र दिसू लागतं.

अर्ज करूनही बोलावणंच येत नसेल, तर मुलाखतीची तयारी करून उपयोग नाही. दोष बायोडेटात आहे किंवा अर्ज भलत्या जागांना जातायत. जाहिरातीत सीएनसी ऑपरेटर मागितला असेल, तर कोणत्या मशीनवर आणि किती महिने काम केलं, हे पहिल्या चार ओळींत दिसलं पाहिजे. उद्यमबाग किंवा शिनोळीच्या लहान कारखान्यांत तर पुष्कळ जागा जाहिरातीविना, ओळखीतूनच भरतात. तिथे आत काम करणाऱ्या माणसाला भेटलेलं जास्त कामी येतं.

बोलावणं येतं, पण पहिल्याच फेरीत थांबतं, असं असेल तर बोलण्याचा सराव कमी पडतोय. मोबाईलवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करून ऐका. ऐकताना ओशाळल्यासारखं होईल, पण तीनदा ऐकलं की चुका स्वतःलाच कळतात.

तांत्रिक प्रश्नांवर अडत असेल, तर बाहेर पडल्या पडल्या विचारलेले प्रश्न लिहून काढा. एकाच कामाच्या मुलाखतींत तेच ते प्रश्न फिरून येतात.

आणि शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन जागा दुसऱ्याला जात असेल, तर तुमची तयारी योग्य आहे. तिथे पगाराची अपेक्षा, रुजू होण्याची तारीख, राहण्याची सोय असे मुद्दे आड येतात. काही वेळा जागा आधीच ठरलेली असते. त्यावर तुमचा काही इलाज नाही, तेव्हा तो नकार स्वतःच्या खात्यात लिहू नका.

सीमाभागाचा जादा पेपर

आपल्या मुलांना एक प्रश्न इतरांपेक्षा जास्त सोडवावा लागतो. पुण्यात विचारतात, "तुम्ही कर्नाटकातले ना? मग इकडे टिकणार काय?" बेंगळूरला विचारतात, "तुम्ही मराठी ना? कन्नड येतं काय?" दोन्ही प्रश्नांवर रागावण्यासारखं पुष्कळ आहे. पण मुलाखतीच्या खोलीत ते उत्तर तयार असलेलं बरं. "मी तिथेच वाढलो. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही भाषांत कामगारांशी आणि गिऱ्हाईकांशी बोलू शकतो," हे खरं असेल तर सुरुवातीलाच सांगा. लिहिता येत नसेल, फक्त बोलता येत असेल, तर तेवढंच सांगा.

सरकारी नोकरीत मात्र नियमच आड येतात, आणि ते आधी वाचले तर एखादं वर्ष वाचतं. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत कन्नडचा अनिवार्य पेपर असतो. त्यात पात्र ठरल्याशिवाय बाकीचे गुण कामाला येत नाहीत. गोव्यातल्या सरकारी जाहिरातींत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असं लिहिलेलं असतं, शिवाय रहिवासाची अटही असते. महाराष्ट्राने दावा केलेल्या सीमाभागातील ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या पदांसाठी अर्ज करता येतो. पण त्यासाठी १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. दाखल्याचा नमुना आणि मुदत त्या त्या जाहिरातीत पाहावी. जाहिरात आल्यावर दाखल्यासाठी धावाधाव करण्यापेक्षा आधीच चौकशी केलेली चांगली.

इंदूर, बडोदे, हैदराबादच्या मराठी वाचकांनाही हे थोड्याफार फरकाने लागू आहे. अर्ज करण्याआधी भाषेची आणि रहिवासाची अट बघा. अपात्र ठरल्याने आलेला नकार हा नापास झाल्याचा नकार नव्हे.

"मधे दोन वर्षं काय केलंत?"

हा प्रश्न येणारच. अमेरिकेत काही अर्थतज्ज्ञांनी सुमारे १२ हजार काल्पनिक बायोडेटा खऱ्या जाहिरातींना पाठवून पाहिले. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बायोडेटात बेकारीचा काळ जितका जास्त दाखवला, तितकी बोलावणी कमी आली, आणि सर्वांत मोठी घट पहिल्या आठ महिन्यांत झाली. उमेदवार तर कागदावरचेच होते! म्हणजे कंपन्या रिकाम्या काळाकडे पाहूनही मागे सरतात. हे अन्यायाचं आहे, पण ते माहीत असलं की प्रत्येक वेळी दोष स्वतःकडे ओढून घेतला जात नाही.

उत्तर तीन वाक्यांत संपवा. उदाहरणार्थ, "कारखान्यातलं काम कमी झालं आणि आम्हाला थांबवलं. नंतर सहा महिने वडिलांचं आजारपण होतं. आता चार महिने ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकतोय आणि मामाच्या वर्कशॉपमध्ये जातोय." रडगाणं नको आणि जुन्या मालकाची निंदाही नको. खोटा अनुभव तर अजिबात लिहू नका. पीएफच्या नोंदीत कुठे किती दिवस काम केलं, ते दिसतं.

रिकामा काळ लहान करायचा असेल, तर अप्रेंटिसशिप, अर्धवेळ हिशेबाचं काम, शिकवणी, काहीही चालेल. पगार कमी असला तरी "सध्या काय करता?" याला उत्तर मिळतं.

वेळ भरपूर, तरी काहीच होत नाही

ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाचं एक गाव आहे. १९२९-३० मध्ये तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या अभ्यासकांनी तिथल्या लोकांचं जगणं बारकाईने नोंदवलं. १९३३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यांना वाटलं होतं, की मोकळा वेळ मिळाल्यावर लोक जास्त वाचतील. उलटंच झालं. वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्यातून हळू चालू लागले, मधेच थांबू लागले. दिवसभर काय केलं, हे त्यांना सांगता येईना.

नोकरी पगाराबरोबर आणखीही काही देते. उठण्याची वेळ, चार माणसांची सोबत, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव. पगार लगेच मिळवता येत नाही, पण बाकीच्या गोष्टी थोड्या थोड्या उभ्या करता येतात. सकाळी ठरल्या वेळी घराबाहेर पडा. वाचनालयात जाऊन बसा. नोकरी शोधण्याचं काम दोन-तीन तास करा आणि बंद करा. दिवसभर मोबाईलवर जाहिराती चाळत राहणं म्हणजे शोध नव्हे. संध्याकाळी तालीम, मैदान, मंडळाचं काम, जे जमेल ते. नोकरी नाही म्हणून मित्रांना टाळणं हे सर्वांत घातक, कारण जागांच्या खबरा तिथूनच येतात.

नकाराची तयारी आधीच

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९८० च्या दशकात बेकारांसाठी ‘जॉब्स’ नावाचा प्रशिक्षणवर्ग तयार झाला. पुढे फिनलंडमध्येही तो नेला गेला. त्यात मुलाखतीच्या सरावाबरोबर एक वेगळी गोष्ट होती. नकार येणारच असं धरून, आला तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. लस टोचावी, तसं. वर्गाला गेलेल्यांना नोकरी मिळण्यात फायदा झालाच, पण ज्यांना खचण्याचा धोका जास्त होता, त्यांना त्याचा विशेष उपयोग झाला.

आपल्यालाही हे घरबसल्या जमेल. मुलाखतीला जाण्याआधीच लिहून ठेवा, "नाही म्हणाले तर त्या दिवशी कोणाला फोन करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी काय करणार? पुढचा अर्ज कुठे?" एकाच जागेवर सगळी आशा ठेवू नका. निकालाची वाट पाहताना दोन-तीन अर्ज चालू असू द्या. नकार आल्यावर संध्याकाळभर वाईट वाटणारच, त्याला हरकत नाही. मन फार भरून आलं तर वीस मिनिटं कागदावर जे येईल ते लिहा. कोणाला दाखवायचं नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द

आई-बाबांचं विचारणं काळजीपोटीच असतं. पण रोज रात्री जेवताना "काय झालं त्याचं?" ऐकलं, की घास घशात अडकतो. आठवड्यातला एक दिवस ठरवा. रविवारी सकाळी चहाला बसून त्या वहीवरून बोला, बाकीचे दिवस विषय नको. दुसऱ्याच्या मुलाचा पगार मधे आणू नका. पाहुण्यांसमोर तर अजिबात नको.

झोप उडाली, जेवण सुटलं, कशातच मन लागेना, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तो आळस नव्हे, आजार असू शकतो. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. "जगून काय उपयोग" असं कोणी बोललं, तर त्याला एकटं सोडू नका, लगेच मदत मागा.

पैसा आणि फसवणूक

कर्नाटकात ‘युवा निधी’ योजनेत पदवीधरांना महिन्याला ३,००० आणि डिप्लोमाधारकांना १,५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं मिळतात. २०२२-२३ पासून उत्तीर्ण झालेल्या आणि १८० दिवस नोकरी न मिळालेल्या रहिवाशांसाठी ती आहे. नोकरी गेलेल्या ईएसआय सदस्यांसाठी ‘अटल विमित व्यक्ती कल्याण योजना’ आहे. तीत पात्र कामगाराला सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. ही मुदतीची योजना आहे, तेव्हा सध्या लागू आहे का ते ईएसआय कार्यालयात विचारून घ्या.

जो नोकरीसाठी आधी पैसे मागतो, त्याला सोडा. ‘रजिस्ट्रेशन’, ‘ट्रेनिंग डिपॉझिट’, ‘लॅपटॉपचा खर्च’, नाव काहीही असो. दहा नकारांनी थकलेला माणूस अशा गळाला पटकन लागतो, हे त्यांना ठाऊक असतं. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर तक्रार करा.

शेवटी, त्या "कळवतो"चं काय करायचं? पुढच्या वेळी उठता उठता एवढंच विचारा, "साहेब, साधारण कधीपर्यंत कळेल?" तारीख वहीत लिहा. त्या दिवशी एक साधा मेसेज टाका, आणखी आठवड्याने एक फोन. तरी उत्तर नाही आलं, तर ती ओळ स्वतःच्या हाताने बंद करा आणि पुढची लिहा.