नवरीभोवतीचा चौकोन

सकाळी ११. गडचिरोलीतल्या मुलचेऱ्यातलं माझं फोटो-व्हिडिओचं दुकान. दोन बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, दोन कार्डं रिकामी केली. आज रात्री बंगाली वस्तीत लग्न आहे. १९६०च्या दशकात, गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यातच होतं तेव्हा, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना या जंगलात वसवलं गेलं. त्यांची नातवंडं माझ्याशी मराठीत भाव करतात आणि आपसात बंगालीत हसतात.

दुपारी ३. नवरीचे वडील म्हणाले, "भाऊ, मंडपात मोठा टीव्ही लावला आहे. तुमच्या कॅमेऱ्यातलं सगळं त्यात दिसलं पाहिजे." मी हो म्हणून बसलो.

सायंकाळी ५. कॅमेऱ्याच्या बाजूला, रबरी झाकणाखाली, नखाएवढं मिनी एचडीएमआयचं छिद्र आहे. तारेचा भार त्यावर आला की ते ढिलं होतं. म्हणून तार आधी ट्रायपॉडला चिकटपट्टीने बांधली, कॅमेऱ्याजवळ एक सैल वळसा ठेवला. पिन बसली आणि माझ्याकडचा पडदा काळा झाला. या कॅमेऱ्यात एका वेळी एकच पडदा चालतो. चित्र टीव्हीवर गेलं, पण सोबत बॅटरीची खूण, शटरचे आकडे आणि फोकसचा पांढरा चौकोनही घेऊन गेलं. बटण दाबून आकडे घालवले, चौकोन गेला नाही. खुणा मागे ठेवून नुसतं चित्र बाहेर सोडणं, म्हणजे 'क्लीन आउटपुट', माझ्या या स्वस्त कॅमेऱ्यात नाही.

रात्री ८. मंडप भरला. फोकस बसवायला मला वीस पावलांवरच्या टीव्हीकडे बघावं लागतं. तिथे चित्र किंचित उशिरा पोहोचतं. रिंग फिरवावी, थांबावं, तोवर माणूस हललेला.

रात्री १०. आता शुभदृष्टी. नवरीला पाटावर बसवून भाऊ उचलतात, नवरदेवाभोवती सात फेरे घालतात. तिचा चेहरा विड्याच्या पानांआड. पानं बाजूला होतील तो क्षण एकदाच येतो. "दादा, दहा मिनिटं टीव्ही बंद," एवढं सांगून तार उपसली. पडदा उजळला. रेकॉर्डिंग चालू असताना हा कॅमेरा स्वतः फोकस धरत राहत नाही आणि चित्र मोठं करूनही बघू देत नाही. सातवा फेरा संपून पाट स्थिरावला तसं रेकॉर्डिंग थांबवलं, चित्र दहापट मोठं केलं. पानांवर फोकस धरला असता तर चेहरा धूसर आला असता. तिच्या कानातल्या झुमक्यावर धरला. नवरदेवाच्या शोल्याच्या पांढऱ्या टोपोराची, म्हणजे मुकुटाची, नक्षी दिसेपर्यंत उजेड उतरवला आणि पुन्हा बटण दाबलं. पानं हलली. डोळे धारदार आले.

रात्री १२. मंत्र लांबले. साधारण बारा मिनिटांत चार जीबीची फाइल भरते, नवी आपोआप सुरू होते. पण २९ मिनिटं ५९ सेकंदांना रेकॉर्डिंगच बंद पडतं. तीस मिनिटं किंवा त्याहून जास्त चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याला युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याची जकात लागायची, म्हणून कंपन्यांनी एक सेकंद राखला. तिकडची जकात चुकवायला इकडचं कन्यादान मधेच तुटू नये, म्हणून पंचविसाव्या मिनिटाला, भटजी श्वास घेतात तेव्हा, मीच बंद-चालू करून घेतो.

पहाटे ५. बाहेर बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघाल्या. मी कार्डं लॅपटॉपवर उतरवली आणि त्याच टीव्हीला लॅपटॉप जोडून शुभदृष्टी लावली. चित्र महागड्या कॅमेऱ्याच्या फार मागे नाही. वरचे पैसे पडतात ते काम चालू असताना बघू देण्याचे.

नवरीची आजी पडद्याजवळ जाऊन निरखत राहिली. चौकोन फक्त बाहेर जाणाऱ्या चित्रावर असतो, रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही, हे तिला कोण सांगणार?

"रात्री नातीच्या तोंडाभोवती पांढरी चौकट होती," ती म्हणाली, "फोटोसारखी. ती का काढून टाकली, बाबा?"