टेबल किती मोठे असावे?

पाऊस वाढला की कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी असते : पंचगंगेची पातळी किती? आमच्या विभागात पावसाच्या जुन्या नोंदी 'पोस्टग्रेस' या डेटाबेसमध्ये साठवलेल्या होत्या. २०११ च्या जुलैत त्या संगणकाची स्मृती वाढवून आठ गिगाबाइट केली, सेटिंग्ज बदलल्या, आणि डेटाबेस सुरूच होईना. पडद्यावर इंग्रजी संदेश आला, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. जागा संपली! आमचा विद्यार्थी डिस्कवरच्या जुन्या फाइली पुसायलाच बसला होता. वेळीच थांबवले, कारण डिस्क निम्मी रिकामी होती.

मग संपले काय? शिक्षकांची खोली डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाचे कपाट वेगळे, दुसऱ्याचे उघडायचे नाही. संगणकातही प्रत्येक चालू प्रोग्रॅमची स्मृती अशीच कुलूपबंद असते. पण निकालपत्रक करायचे तर सर्वांना मधले टेबल लागते. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रोग्रॅम चालतो. एकाने डिस्कवरून आणलेले पान या टेबलावर ठेवले की दुसऱ्याला हेलपाटा पडत नाही. हीच सामायिक स्मृती.

टेबलाच्या आकारावर कार्यप्रणालीचा अंकुश असतो. त्याला कारण आहे. युनिक्सच्या 'सिस्टिम फाइव्ह' पद्धतीत वापरणारा प्रोग्रॅम बंद पडला तरी टेबल आपोआप आवरले जात नाही, जागा अडून राहते. म्हणून दोन मर्यादा : एक टेबल किती मोठे, ही 'शममॅक्स', सर्व टेबले मिळून किती, ही 'शमऑल'. त्या काळी लिनक्सच्या गाभ्यात शममॅक्स अवघी ३२ मेगाबाइट असे. आम्हांला तर एकूण स्मृतीच्या चौथाईइतके, दोन गिगाबाइटचे टेबल हवे होते.

विद्यार्थ्याने दोन्ही मर्यादा तीन गिगाबाइट करायचे ठरवले. गोम एककात होती. शममॅक्स बाइटमध्ये लिहायची : ३२२१२२५४७२. हे त्याने बरोबर केले. शमऑल मात्र पानांत मोजतात, आणि एक पान बहुधा ४०९६ बाइटचे. म्हणजे भागाकार करून ७८६४३२ लिहायला हवे होते. त्याने मेगाबाइट समजून ३०७२ लिहिले. ती झाली जेमतेम १२ मेगाबाइट! भौतिकीच्या पेपरात एकक चुकले तर अर्धा गुण जातो. इथे नोंदीच गेल्या असत्या. शममॅक्स अपुरी असती तर संदेशही वेगळा आला असता, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. संदेश लिहिणाऱ्यांनी थोडी दया दाखवायला हरकत नव्हती.

पुढे २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून पोस्टग्रेसने मोठे टेबल दुसऱ्या पद्धतीने मागायला सुरुवात केली. जुन्या पद्धतीचा एक छोटा तुकडा तेवढा ठेवला, एकाच संग्रहावर दोन सर्व्हर चालू नयेत म्हणून. २०१४ मध्ये लिनक्सनेही मूळ मर्यादा जवळजवळ उठवल्या. तरी हा संदेश अजून भेटतो. 'डॉकर'च्या डब्यात डेटाबेस चालवला तर सामायिक स्मृतीला सुरुवातीला ६४ मेगाबाइटच मिळतात, आणि मोठ्या प्रश्नाचे काम अनेक प्रोग्रॅमांत वाटले गेले की पडद्यावर पुन्हा तेच : जागा संपली. तेव्हाही डिस्कला हात लावू नये.