एका दीर्घ पिशाचकथेची वाट पाहताना

२०१० सालची गोष्ट. नववीच्या वर्गात शिकवीत असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीच्या मांडीवर उघडे पडलेले पुस्तक मी काढून घेतले. मधल्या सुट्टीत ते उघडून पाहतो, तो पहिल्याच पानावर सूचना छापलेली, की आपण चुकीच्या बाजूने वाचीत आहात! पुस्तक मुळात जपानी, इंग्रजीत उतरविलेले होते. आणि जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचावयाची असते. शाळा सुटल्यावर ती मुलगी पुस्तक मागावयास आली. हे किती वेळा वाचलेस, असे मी जरा दरडावूनच विचारले. ती म्हणाली, “सात-आठ वेळा, सर. पुढचा भाग यायला अजून चार महिने आहेत ना!”

या उत्तराने मी विचारात पडलो. धडा दोनदा वाचा म्हटले तर कपाळास आठ्या घालणारी ही मुले! पुस्तक मी परत दिले आणि पहिला भाग मला वाचावयास आण, असे तिला सांगितले.

जपानात चित्रकथेस ‘मांगा’ म्हणतात. ती प्रथम मासिकात किंवा साप्ताहिकात क्रमशः येते व मग काही प्रकरणे एकत्र करून सुमारे दोनशे पानांचा एकेक भाग निघतो. मुलींसाठी निघणाऱ्या ‘लाला’ या मासिकात मात्सुरी हिनो या लेखिका-चित्रकर्तीने ‘व्हॅम्पायर नाइट’ ही कथा २००५ च्या जानेवारी अंकापासून सुरू केली. ती संपली २०१३ च्या जुलै अंकात. साडेआठ वर्षे, ९३ प्रकरणे, १९ भाग! इंग्रजी भाग २००७ ते २०१४ या काळात निघाले, म्हणजे सरासरीने पाच महिन्यांस एक.

व्हॅम्पायर म्हणजे रक्त पिऊन जगणारे व वार्धक्य न येणारे पिशाच. आपला वेताळ या जातीचा नव्हे. मराठी वाचकांस हे पिशाच नारायण धारपांच्या ‘लुचाई’मुळे परिचित आहे. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ मधील ‘ड्रॅक्युला’त ते क्रूस पाहून मागे हटते. येथे मात्र ‘क्रॉस’ हे मुख्याध्यापकाचे आडनाव आणि शाळेचेही नाव! माझ्यासारख्या ख्रिस्ती वाचकास याचे हसू आले, हे कबूल करतो.

या क्रॉस अकादमीत दिवसाच्या वर्गात माणसांची मुले शिकतात आणि रात्रीच्या वर्गात व्हॅम्पायर. रात्रीचे विद्यार्थी रक्ताऐवजी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांवर भागवितात, आणि त्यांचे खरे स्वरूप दिवसाच्या मुलांना ठाऊक नसते. दोहोंच्या मध्ये पहारा करणारी युकी ही मुख्याध्यापकांची मानलेली मुलगी. दहा वर्षांपूर्वीच्या एका हिमवर्षावाच्या रात्रीपलीकडचे तिला काहीच आठवत नाही. त्या रात्री एका व्हॅम्पायरच्या तावडीतून तिला सोडविले ते कानामेने. तो स्वतः शुद्ध रक्ताचा व्हॅम्पायर, रात्रीच्या वर्गाचा प्रमुख. पहाऱ्यावरील तिचा सोबती झीरो हा व्हॅम्पायर मारणाऱ्यांच्या घराण्यातला. त्याचे आईवडील एका शुद्ध रक्ताच्या व्हॅम्पायर स्त्रीने मारले आणि त्यालाही दंश केला. म्हणून ज्यांचा द्वेष करावयाचा त्यांच्यापैकीच एक तो हळूहळू होत चालला आहे. गोळ्या त्याच्या शरीरास मानवत नाहीत. रक्त न मिळाल्यास त्याची बुद्धी भ्रष्ट होणार. तेव्हा युकी त्याला चोरून आपले रक्त देते.

एवढ्यावर लेखिका शंभर पानांत गोष्ट आटोपू शकली असती. परंतु मासिकात ती महिन्याला एकच प्रकरण देते, आणि ते नेमके एखादे दार उघडता उघडता थांबते. मग वाचणारीने काय करावे? मागचे पुन्हा वाचावे. कानामेची मान एका चित्रात वळलेली का, झीरोने वाक्य अर्धेच का सोडले, हे शोधावे. एका बैठकीत १९ भाग वाचणाऱ्यास हे सुख नाही, कारण शंकेला मुरावयास वेळच मिळत नाही. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून क्रमशः येत, तेव्हाच्या वाचकांनाही पुढील अंकाची अशीच ओढ लागत असली पाहिजे. युकीने कोणास वरावे यावरून देशोदेशीच्या वाचकांत दोन तट पडले. माझी विद्यार्थिनी झीरोच्या बाजूची. तिची जिवलग मैत्रीण कानामेची, आणि दोघी एकाच बाकावर!

कथेच्या मध्यावर लेखिका दोन्ही तटांना धक्का देते. युकी माणूस नव्हेच. ती शुद्ध रक्ताची व्हॅम्पायर, कानामेची धाकटी बहीण आणि शुद्ध रक्तवाल्यांच्या रीतीप्रमाणे त्याची वाग्दत्त वधू. आईने प्राण देऊन तिचे मूळ रूप झाकून ठेवले होते. पुढे कानामे हा तिचा सख्खा भाऊ नसून घराण्याचा मूळ पुरुष आहे असा उलगडा होतो. तरी भावाच्या नात्याने वाढलेल्यांचे हे प्रेम मला खटकले व अजूनही खटकते. मुलीला मी तसे सांगितले. ती म्हणाली, “मलाही खटकतं, सर. म्हणून तर पुढचं वाचायचंय.” तिने वाचन सोडावे असे म्हणण्याचा माझा विचार तेथेच विरला. ती झीरोसाठी खरोखर दुःखी होती. ज्या मुलीने त्याला जगविले तीच आता त्याच्या शत्रूंपैकी एक. पुढच्या भेटीत तुला ठार मारीन, असे तो तिला सांगतो आणि दोघे वेगळे होतात. २००८ साली या कथेवर निघालेली चलच्चित्रमालिका येथेच संपते. तेवढीच पाहिलेल्यांना अर्धी गोष्ट माहीत असते.

उत्तरार्धात राजकारण फार आहे. कोणते घराणे कोणाविरुद्ध, हे लक्षात ठेवताना माझी दमछाक झाली. काही भाग मी केवळ त्या मुलीशी बोलता यावे म्हणून वाचले.

शेवटाविषयी मात्र माझी तक्रार नाही. व्हॅम्पायरांना मारणारी शस्त्रे ज्या धातूची होतात, त्यासाठी कानामे आपले हृदय भट्टीत टाकतो आणि त्याचे शरीर दीर्घ निद्रेत राहते. युकी झीरोबरोबर संसार करते. मग हजार वर्षांनी ती आपला प्राण देऊन कानामेला माणूस म्हणून उठविते, व दोन मुले मागे ठेवते. तुझा कौल कोणाला, या प्रश्नास लेखिकेने दोघांनाही, पण निरनिराळ्या काळांत, असे उत्तर दिले. ज्यांना मृत्यू सहज येत नाही अशांच्याच कथेत ते देता येते. वाचकांपैकी अनेक रागावले.

२०१४ च्या अखेरीस ती विद्यार्थिनी शेवटचा भाग घेऊन माझ्या घरी आली. ती आता महाविद्यालयात होती. युकी मात्र पुस्तकावर होती तेवढीच. आम्ही चहा घेतला. झीरोला न्याय मिळाला काय, यावर तासभर वाद झाला. न्याय मिळाला असे मी म्हणत होतो, ती नाही म्हणत होती. जाताना मी विचारले, आता काय वाचणार? ती म्हणाली, “त्या हजार वर्षांत काय झालं, त्याच्या गोष्टी जपानात यायला लागल्यात, सर. ‘मेमरीज’ नाव आहे. इंग्रजीत कधी येतात बघायचं.” शेवटचा भाग तिने माझ्याकडेच ठेवला, पुन्हा नीट वाचा म्हणून.