हौसेची मुदत

फॅशन-ब्लॉगांचा खरा बहर जेमतेम पाच-सहा वर्षांचा. स्कॉट शूमन यांनी 2005 साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची नेटकी माणसं टिपायला सुरुवात केली. सप्टेंबर 2009 मध्ये तर मिलानला ‘डॉल्चे अँड गब्बाना’ने निवडक ब्लॉगरांना पुढल्या रांगेत लॅपटॉपसह बसवलं. नंतर ही मंडळी पांगली. कुणी म्हणतं त्यांना इन्स्टाग्रामने गिळलं, कुणी म्हणतं पैशाने नासवलं. दोन्हींत तथ्य आहे, पण त्यांच्यातल्या चांगल्या लिहिणाऱ्यांचं मन ब्लॉगांवरून का उठलं, हे त्यातून कळत नाही. मला वाटतं, कपडे हे त्यांच्या कुतूहलाला सापडलेलं पहिलं निमित्त होतं. कुतूहल वाढलं, निमित्त तेवढंच राहिलं.

शिकागोजवळच्या ओक पार्कमधल्या टॅवी गेविन्सनने 2008 साली, अकराव्या वर्षी, ‘स्टाइल रूकी’ सुरू केलं. वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातून उचललेल्या वस्तू अंगावर चढवायच्या, रेई कावाकुबोसारख्या डिझायनरविषयी भारावून लिहायचं, असा तो मामला. जानेवारी 2010 मध्ये ती पॅरिसला ‘दिओर’च्या शोला डोक्यावर भलामोठा गुलाबी बो लावून बसली आणि मागे बसलेल्या पत्रकाराने काही दिसत नसल्याची तक्रार केली. त्या बोची चर्चा कपड्यांपेक्षा जास्त झाली. मोठ्यांच्या दुनियेत एका पोरीने जागा अडवली, ही खरी बोच होती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2011 मध्ये, तिने किशोरवयीन मुलींसाठी ‘रूकी’ हे ऑनलाइन मासिक काढलं. मजकूर दिवसातून तीनदा यायचा: शाळा सुटल्यावर, जेवणाच्या वेळी आणि झोपण्यापूर्वी. त्यात कपडे होतेच, पण मैत्री, एकटेपणा, स्त्रीवाद, चित्रपट यांच्या पंगतीतले एक म्हणून. मुलींनी काय घालावं यापेक्षा त्यांच्याकडे कसं पाहिलं जातं, हा प्रश्न तिला मोठा वाटू लागला होता, आणि ‘आज मी काय घातलं’ या रोजच्या नोंदीत तो मावणारा नव्हता.

यावर कुणी म्हणेल, पोरवय होतं, छंद बदलायचाच. पण गारान्स दोरे तर मोठी, चित्रकार बाई. फ्रान्समध्ये 2006 साली तिने सुरू केलेल्या पानावर आधी रेखाचित्रं होती, मग रस्त्यावरचे फोटो. आणि 2015 च्या पुस्तकापर्यंत येताना पेहरावाच्या बरोबरीने प्रेम आणि जगणं विषय होऊन बसले. इन्स्टाग्रामवर सारं ढकलण्यात काळाचीही अडचण आहे. ते ऑक्टोबर 2010 मध्ये आलं आणि एप्रिल 2012 मध्ये फेसबुकने एक अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं, तोवर ‘रूकी’ सुरू होऊन अर्धं वर्ष उलटलं होतं. पैशाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. फुकट मिळालेल्या वस्तू आणि मोबदला ब्लॉगरांनी उघड करावा, असं अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2009 सालीच बजावलं होतं, म्हणजे बाजार तेव्हाच घरात शिरला होता. शिवाय सगळेच काही थांबले नाहीत. किआरा फेराग्नीने 2009 साली सुरू केलेल्या ‘द ब्लॉन्ड सॅलड’वर 2015 मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने अभ्यासप्रकरण लिहिलं. पण तिथे हौसेचा धंदा झाला होता. धंदा मन लागो न लागो चालवता येतो. हौसेला ती सोय नाही. आपण म्हणतो हौसेला मोल नसतं, आणि मोल ठरलं की रोज तोच चेहरा, तीच ऐट पुरवावी लागते. माणसाला बदलायची मुभा नसणं ही त्यातली सगळ्यांत महागडी अट, आणि थांबणाऱ्यांना बहुधा तीच जाचली असावी.

‘रूकी’ही नोव्हेंबर 2018 मध्ये थांबलं. ते आहे तसं चालवणं आर्थिकदृष्ट्या शक्य नाही, असं गेविन्सनने निरोपाच्या पत्रात मोकळेपणाने लिहिलं. गुंतवणूकदार, विक्री, वाचकांची वर्गणी असे पर्यायही तपासले होते. तोवर ती ब्रॉडवेवर तीन नाटकांतून उभी राहिली होती. मग 2019 साली ‘न्यूयॉर्क मॅगझिन’मध्ये तिचा दीर्घ लेख आला: इन्स्टाग्राम नसतं तर आपण कोण झालो असतो, याविषयी. गुलाबी बोपासून सुरू झालेला, लोकांनी आपल्याकडे पाहण्याचा विषय तिने सोडलाच नव्हता.